मुंबईहून एका दिवसात: गावाच्या घड्याळाने निघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही दादरला राहतो. गाडी नाही. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात. मुलगी अकरा वर्षांची, चित्रकलेची आवड आहे. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत चार रविवार काढायचे ठरवलं आहे. सकाळी निघून रात्री घरी, असं. इतिहासही दिसावा आणि हाताने काही घडवणारी माणसंही दिसावीत. यादीत वसई, पेण, अलिबाग, जव्हार, येवला, मुरूड आणि पुणे आहे. एका दिवसात दोन-दोन गावं जमतील का?"

गेली अठरा वर्षं मी अशा एक दिवसाच्या सहली नेते. आठ ते दहा माणसं, लोकल, एसटी, बोट आणि भरपूर चालणं. सुरुवातीला मीही दोन-दोन गावं जोडायचे. आता जोडत नाही. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: एका दिवसात एकच गाव करा. त्यातही एक वास्तू आणि एक कारागीर नीट बघा, बाकीचं राहिलं तर राहू दे. घाईत बघितलेला किल्ला आणि फोटोत बघितलेला किल्ला यांत फारसा फरक उरत नाही. कारागिराकडे तर पहिला अर्धा तास तो तुमच्याकडे पाहुणा म्हणूनच बघतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण आपल्या रविवारच्या सोयीने निघतो, पण ही गावं स्वतःच्या वेळेने चालतात. अलिबागला समुद्राची वेळ असते, पेणला मोसम असतो, पुण्याच्या तांबट आळीत कामाचे दिवस असतात. ती वेळ आधी समजून घेतली की निम्मी सहल तिथेच यशस्वी झाली.

यादीतली तीन नावं आधी बाजूला काढते. येवला एका दिवसात नको. पैठणी मागावर विणताना बघायला निवांत बसावं लागतं आणि मुंबईहून जाऊन-येऊन सगळा वेळ प्रवासातच जाईल. नाशिकला मुक्काम करून येवल्याला जा. जव्हारचंही तसंच. तिथला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा दिवसा बघता येईल, पण जव्हारकडचं खरं वैभव म्हणजे बोहाडा, देवतांचे रंगवलेले मुखवटे चढवून नाचायचा उत्सव. तो रात्रीचा असतो. बोहाडा बघायचा तर मुक्काम करा, नाहीतर ते गाव पुढच्या वर्षासाठी ठेवा. मुरूडला जंजिऱ्याच्या दारात होडीतून उतरताना आईंच्या गुडघ्यांचे हाल होतील. तेव्हा वसई, पेण, पुणे आणि अलिबाग ही चार ठेवू या.

सुरुवात वसईपासून करा. दादरहून विरार लोकलने वसई रोड, पश्चिमेला बाहेर पडून किल्ला बंदरकडे जाणारी बस किंवा रिक्षा. किल्ला सपाटीवर आहे. चढ नाही, त्यामुळे आई बरोबर येऊ शकतात. मात्र आत सावली आणि बसायला जागा तुकड्या-तुकड्याने आहे, दुकान जवळ नाही. पाणी घरूनच न्या आणि अकराच्या आत मुख्य भाग बघून होईल असं बघा.

वसईच्या किल्ल्यात लोक दर्या दरवाज्यापाशी फोटो काढतात, चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला नमस्कार करतात आणि निघतात. तुम्ही जरा थांबा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि पुढची दोनशे वर्षं ते एक पोर्तुगीज शहर होतं. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोफा आणि बुरूज येतात. इथे तटाच्या आत गल्ल्या, घरं, मठ आणि चर्चं होती. सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे आणि त्याच्या दारावर १६०१ सालच्या पुनर्बांधणीचा लेख आहे. मुलीला तो आकडा शोधायला सांगा. मग फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये जा. तिथल्या जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. सकाळचं ऊन तिरपं असताना ही अक्षरं उठून दिसतात. दुपारी डोक्यावर ऊन आलं की त्याच शिळा सपाट वाटतात. मी एका मुलाला तिथे पाऊण तास वहीत अक्षरं उतरवताना पाहिलं आहे, त्याला उठवायचा मला धीर झाला नाही. एक करा, शिळेवर कागद ठेवून पेन्सिल घासू नका आणि खडूही लावू नका. दगड आधीच झिजलेला आहे. बघून काढलेलं चित्रच चांगलं.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली. मोहिमेत तटाखाली सुरुंग पेरले गेले, दोन्ही बाजूंची माणसं मोठ्या संख्येने पडली. शरण आलेल्या पोर्तुगीजांना सन्मानाने बाहेर पडू दिलं गेलं, हेही मुलीला आवर्जून सांगा. या भागातल्या पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला एक आहे, तिच्यावर १७०७ हे साल आणि मेरी व बाळ येशू यांचं चित्र आहे. नाशिकला गोदेकाठी आहे ती नारोशंकराची घंटा. एखाद्याचा आवाज चढला की "काय नारोशंकराची घंटा आहे" असं आईंच्या पिढीत सहज म्हणत असत. ती म्हण कुठून आली याचा धागा या पडक्या मनोऱ्यांपाशी येऊन पोचतो. आणखी त्रेसष्ट वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. जिथे मराठ्यांनी एवढा मोठा विजय मिळवला त्याच गावाच्या नावाने त्यांच्या सत्तेची अखेर सुरू झाली. मी हे दर वेळी सांगते आणि दर वेळी घसा दाटतो.

किल्ल्यातून बाहेर आलात की किल्ला बंदरचा कोळीवाडा. दिवाळीनंतर इथे बोंबील वाळत असतात. जवळ जाऊन बघा. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून त्यांची जोडी आडव्या बांबूवर टाकतात. दोरा नाही, हूक नाही, माशाचा दातच माशाला धरून ठेवतो. सराईत बाईच्या हाताला एका जोडीला दोन क्षणही लागत नाहीत. आपण करायला गेलं की बोंबील हातातून निसटतो आणि मग कळतं की हेही शिकावं लागलेलं काम आहे. विचारून जवळ जा. बायका बोलक्या आहेत, पण कॅमेरा आधी आणि बोलणं नंतर असं केलंत तर कोणीही तोंड फिरवेल.

वेळ उरला तर आगाशीच्या बाजूला सुकेळीची चौकशी करा. राजेळी केळी पिकवून, सोलून, दिवसचे दिवस उन्हात सुकवतात आणि केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळतात. पिवळ्या-तपकिरी, चिवट, मधासारख्या गोड. करणारी घरं आता मोजकीच आहेत, कारण ऊन, राखण आणि हात तिन्ही लागतात. भाव ऐकून दचकू नका. एका सुकेळीला किती दिवस हात लागलेत ते विचारा, मग भाव करावासा वाटणार नाही.

वसईला जायच्या आधीच्या आठवड्यात जमलं तर फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक चक्कर टाका. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, वसईच्या पुढचं स्टेशन. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे बुरूड राजाचा कोट म्हणतात तो टेकाड खणला, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडे आणि बुद्धाच्या छोट्या मूर्ती होत्या. आज जागेवर विटांचा उंचवटा आणि झाडं एवढंच दिसतं, म्हणून मी मुलांना आधी संग्रहालय दाखवते. टेकाडाचं नाव मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. बांबूकाम करणाऱ्या बुरुडाला लोकांच्या आठवणीने राजा करून ठेवलं आहे.

आता पेण. याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्यातली एक मी स्वतः केली आहे.

सुरुवातीच्या काळात मी गणपतीच्या दहा-बारा दिवस आधी तीस माणसांचा गट पेणच्या एका कारखान्यात नेला. मला वाटलं, ऐन मोसमात सगळं बघायला मिळेल. मिळालंही. पण कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, कारागीर रात्रीचे दोन-दोन तास झोपून काम करत होते, बाहेर टेम्पो भरले जात होते. आमच्यातल्या एका मुलाचा कोपर लागला आणि रंगवून झालेल्या मूर्तीचा हात निखळला. मालक काही बोलला नाही. त्याने मूर्ती उचलून मागे नेली आणि एका पोराला शाडू कालवायला सांगितलं. त्याच्या त्या न बोलण्याने मी जे शिकले ते अजून विसरले नाही. मूर्तीचे पैसे त्याने घेतले नाहीत, मी दुसऱ्या वर्षी जाऊन दिले.

तेव्हापासून पेणला मी दिवाळी ते माघ या काळात जाते. लोकांना वाटतं हे काम श्रावणातलं आहे. पेण आणि त्याच्या शेजारचं हमरापूर, जोहे, ही गावं वर्षभर मूर्ती घडवतात. थंडीत कच्च्या मूर्तींचं काम चालू असतं. रंग नसतो, झगमग नसते, पण मूर्ती कशी होते ते बघायला हाच काळ. कारागिराला बोलायला वेळ असतो आणि तुमच्या मुलीला बसायला कोपरा मिळतो.

शाडूच्या मूर्तीच्या कारखान्यात काय बघायचं ते सांगते. माती बहुतेक गुजरातेतून येते. भिजवून, तुडवून, मळून ती कणकेसारखी करतात. साचा दोन भागांत असतो. त्यात मातीची पोळी दाबून बसवतात, आतून काथ्याचे धागे घालून तिला बळ देतात, मग दोन्ही भाग जोडतात. साचा सोडवायची वेळ कारागीर घड्याळात बघत नाही. बोटाने कड दाबून बघतो. ओली असेल तर मूर्ती बसते, जास्त सुकली तर साच्याला धरते. सुटलेली मूर्ती बघाल तर नाक बोथट, बोटं एकमेकांत मिसळलेली, शिवणीवर मातीची कड आलेली. इथून पुढे हातकाम. ओल्या कुंचल्याने आणि लाकडी कोरणीने तो एकेक बोट सुटं करतो, सोंडेची वळी उठवतो, पोटावरची शिवण अशी पुसतो की पुन्हा सापडू नये. हात आणि आयुधं बऱ्याचदा वेगळी करून जोडतात. मूर्ती सावलीत सुकवतात. उन्हात ठेवली तर तडकते.

डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि ती कारखान्यातला सर्वांत जाणता माणूस करतो. एका थंडीत मला नमुन्याच्या एका मूर्तीची आखणी बघायला मिळाली. कारागिराने मूर्ती स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर घेतली, कुंचल्याचं टोक ओठांनी सारखं केलं आणि वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढली. मध्ये थांबला नाही. दोन्ही डोळे झाल्यावर मूर्ती लांब धरून बघितली आणि उजव्या बुबुळात केसाएवढा पांढरा ठिपका दिला. त्या ठिपक्याने मूर्ती बघायला लागली. मी तेव्हा हात जोडले, माझ्या शेजारचा बारा वर्षांचा मुलगाही आपोआप जोडून उभा राहिला.

प्लास्टरच्या मूर्तीही इथे मोठ्या संख्येने होतात. त्यावरून कारखान्यात जाऊन वाद घालू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या विरोधात मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानंतर कोर्टकचेऱ्याही झाल्या. या गावांमधल्या हजारो माणसांची चूल त्याच्याशी बांधलेली आहे. मला स्वतःला शाडूच हवी असते, घरीही शाडूचीच मूर्ती आणते. पण शाडूची मूर्ती जड, नाजूक, वेळखाऊ आणि महाग होणारच. आपण भाव करताना प्लास्टरचा भाव मनात धरतो तिथे कारागीर अडकतो. तुम्हाला शाडू टिकावी असं वाटत असेल तर थंडीतच मूर्तीची मागणी नोंदवा, आगाऊ पैसे द्या. याहून मोठी मदत नाही.

जायचं कसं: हार्बरने पनवेल, तिथून रोह्याकडे जाणारी मेमू, जी हमरापूर आणि पेण दोन्हीकडे थांबते. गाड्या मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. चुकली तर पनवेलपर्यंत एसटी भरपूर. कारखान्यात आगाऊ फोन करून जा, चारपेक्षा जास्त माणसं नकोत आणि निघताना काही ना काही विकत घ्या. येताना बाजारातून पोह्याचे पापड आणि मिरगुंड आणा. आईंना ते ओळखीचे असतील आणि कोणतं दुकान चांगलं हे त्या माझ्यापेक्षा चटकन ओळखतील.

पुण्याला एका दिवसात जाता का, असं मला नेहमी विचारतात. जाता येतं, पण एकाच आळीसाठी जा. डेक्कन क्वीन आपल्या उपयोगाची नाही, ती सकाळी पुण्याहून निघते आणि संध्याकाळी मुंबईहून. आपल्यासाठी सकाळची इंटरसिटी. शिवाजीनगरला उतरा. तिथून मेट्रोने सिव्हिल कोर्टच्या पुढचं स्टेशन कसबा पेठ. सरकते जिने आहेत, आईंना त्रास नाही. तिथून तांबट आळी जवळ आहे. मात्र रविवार नको. हे चार दिवसांतलं एक शनिवारी करा आणि निघण्याआधी दुकानात फोन करून काम चालू आहे ना ते विचारा. बंद आळीत जाऊन काहीच कळत नाही.

चालू आळी मात्र आधी कानांना कळते. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. बंब, घंगाळं, हंडे, पिंपं इथेच घडत आली. आपल्या आजोळच्या न्हाणीघरात तापणारा बंब आठवत असेल तर तो बहुधा अशाच एखाद्या आळीत जन्मलेला. तांब्याचा पत्रा कापून, वाकवून, झाळून भांड्याचा आकार येतो, तेव्हा ते मऊ आणि निस्तेज असतं. मग मठारकाम. भांडं आडव्या लोखंडी दांड्यावर चढवून वरून हातोडी मारायची, एका घावाशेजारी दुसरा, ओळीने, गोल फिरत. नक्षी म्हणून ते छान दिसतंच, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. घावाने तांबं कठीण होतं. मठारलेल्या हंड्याला सहज पोचा पडत नाही, न मठारलेल्याला पहिल्या आपटीत पडतो. प्रत्येक खळीत उजेड वेगळा पडतो, म्हणून चकाकी येते. मुलीला एक भांडं हातात देऊन खळ्यांवरून बोट फिरवायला सांगा. अंतर सारखं आहे आणि ते मापलेलं कुठेच नाही, ते सगळं खांद्यात आणि मनगटात बसलेलं आहे. शेजारी दोघं-तिघं ठोकत असले तर थोड्या वेळाने त्यांचे घाव एका तालात पडायला लागतात.

त्या आवाजात आईंना फार वेळ बसवू नका, वीस मिनिटांनी डोकं दुखायला लागतं. कारागीर तोच आवाज दिवसभर, वर्षानुवर्षं ऐकतात आणि अनेकांची ऐकण्याची शक्ती त्यात जाते. भांड्याची किंमत ठरवताना हेही मनात असू द्यावं. दुपारनंतर कसबा गणपती आणि शनिवारवाडा करा, दोन्ही हाकेच्या अंतरावर. वाड्याचा पाया १७३० साली घातला, १८२८ च्या आगीत आतलं लाकडी काम जळालं. आज जोती आणि कारंजी उरली आहेत. दिल्ली दरवाज्याचे खिळे मुलांना आवडतात. तेवढं पुरे, संध्याकाळची इंटरसिटी गाठा.

मधे एखादा रविवार फसला, आईंना बरं नसलं, तर अर्ध्या दिवसाचं अंबरनाथ राखून ठेवा. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधलं शिलाहारांचं शिवमंदिर, वालधुनीच्या काठी, स्टेशनपासून रिक्षाने काही मिनिटं. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघत सावकाश एक फेरी मारा. गाभारा खाली आहे, वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. आईंनी वरूनच दर्शन घ्यावं. सोमवार आणि शिवरात्र टाळा.

आणि मुलीला चित्रकलेची आवड आहे म्हणून डहाणूबद्दल दोन शब्द. पूर्वेकडच्या गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगात नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्याआधी हे चित्र लग्नघरातल्या सवाशिणींचं होतं. तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघट देवी. वारली चौक "लिहितात", काढत नाहीत, हा शब्द मुलीला जरूर सांगा. पण तिथे आपण जातो ते दुकानात किंवा कारखान्यात जात नाही, कोणाच्या तरी घरात जातो. ओळखीचा माणूस असल्याशिवाय, आधी विचारल्याशिवाय जाऊ नका. ओळख निघाली तर पुण्याऐवजी हे करा. विरारला गाडी बदलून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते, पुढे जीप किंवा एसटी.

आता अलिबाग, आणि हे कॅलेंडर बघून.

कुलाबा किल्ला अलिबागच्या समुद्रात आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दर रविवारी कोणी ना कोणी तिथे अडकतं. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास. त्यानंतर तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी म्हणजे चार पाऊण तीन, तर भरती दुपारी तीनला. त्याच्या सहा तास आधी, सकाळी नवाला, ओहोटी. पंचमीला ओहोटी पावणेदहाला. अष्टमीला बाराला ओहोटी येते आणि वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी पूर्ण मागे जात नाही आणि गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. म्हणून दादरहून निघून सकाळी पोचणाऱ्यांसाठी चतुर्थी-पंचमी उत्तम, शुद्ध असो वा वद्य. संकष्टीला किल्ल्यातल्या गणपतीला गर्दी असते एवढं ध्यानात ठेवा. हिशेब ढोबळ आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी छापील वेळापत्रकाशी ताडून बघा आणि किनाऱ्यावर घोडागाडीवाल्याला विचारा. ओहोटीच्या आधी तासभर आत शिरा, ओहोटी झाल्यावर तासाभरात बाहेर या. आईंसाठी घोडागाडी घ्या, ती थेट किल्ल्याच्या दाराशी नेते. ओल्या, उंचसखल खडकावरून त्यांना चालवू नका.

किल्ला शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, १६८० साली बांधायला घेतला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते घर झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी तो पडला नाही. समुद्राच्या बाजूचा तट जवळून बघा. मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आदळते, पाणी फटींमधून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मुरतो. चुन्याने सांधलेली भिंत तोच मार अंगावर घेते. मुलीला फटीत हात घालून बघू दे. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, चहूकडे खारं पाणी असताना. तिचं पाणी बघितल्याशिवाय परतू नका.

दुपारी गावात आंग्र्यांच्या समाध्या आणि बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावर तेलाच्या घाण्या चालवत आली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. घरी मराठी बोलणारी ही माणसं आता बहुतेक इस्रायलला गेली. रेवदंडा आणि चौल त्याच दिवशी करायचा मोह होईल. नको. तिथे सातखणी मनोरा आहे, १४६९ साली रशियातून आलेला अफनासी निकितिन चौलला उतरला होता, बघण्यासारखं पुष्कळ आहे. त्याला स्वतःचा एक दिवस द्या.

बोट गेटवेहून मांडव्याला जाते. गेटवेच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. आई बरोबर असतील तर भाऊच्या धक्क्यावरची रो-रो घ्या, तिच्यात चढणं-उतरणं सोपं. मात्र सकाळची पहिली फेरी कितीला आहे ते ओहोटीशी जुळवून बघा. जुळत नसेल तर गेटवेची पहिली बोट आणि पायऱ्यांवर आईंचा हात दोघांनी धरायचा.

अलिबाग मी तुमच्यासाठी शेवटी ठेवलं आहे, फाल्गुनात, कारण तेव्हा अलिबागजवळच्या कार्ले आणि खंडाळे या गावांच्या बाजूचा पांढरा कांदा निघालेला असतो. रस्त्याच्या कडेला बाया बसून त्याच्या वेण्या घालतात. वाळक्या पातीची तीन पेडी, प्रत्येक वळणाला एक कांदा आत ओवायचा, मोठे खाली, लहान वर. मुलीच्या हातात तीन पाती दिल्या तर तिला लगेच जमेल, वेणी घालायची सवय तिला आहेच.

तेव्हा आज रात्री भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा. माघ-फाल्गुनात कोणत्या रविवारी चतुर्थी किंवा पंचमी येते ते आईंना बघायला सांगा आणि त्यावर आधी खूण करा. समुद्र तुमच्यासाठी वेळ बदलणार नाही, बाकीची तीन गावं थोडी मागेपुढे चालतील. पेणला फोन मार्गशीर्षात करा. वसईला पुढच्याच रविवारी निघालात तरी चालेल, बोंबील वाळत असतील.